बाईच्या विटा

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण नातेवाईकांना ठाऊकच आहे, बाकीच्यांसाठी सांगते. गेल्या पावसाळ्यात माझी आई पडली. पहाटे साडेपाचला राजुरीहून दादाचा फोन आला, तेव्हाच पोटात गोळा आला. पहाटेचे आणि रात्री उशिराचे फोन कधी बरी बातमी घेऊन येत नाहीत. आई गोठ्यात गेली होती. गेली दहा वर्षं सगळे तिला सांगताहेत की आता धारा काढायला जाऊ नकोस, यंत्र आहे, माणूस आहे. पण गाईंना आपल्याशिवाय पान्हा फुटत नाही अशी तिची ठाम समजूत. ओल्या शेणावरून पाय घसरला आणि उजव्या कुशीवर पडली. खुबा मोडला. वय पंचाहत्तर.

आईला पुण्याला आणलं, ऑपरेशन झालं, सांधा बदलला, आता ती वॉकर घेऊन ओट्यापर्यंत जाते आणि तिथून सगळ्यांना रागावते. म्हणजे सगळं ठीक आहे. :)

पण त्या पंधरा दिवसांत एक गोष्ट डोक्यात बसली ती काही जाईना. ती लिहून टाकावी म्हणून हा प्रपंच. गोष्ट दुखण्याची आहे, आणि थोडी इतिहासाची.

आमच्या घरात खुबा मोडण्याची ही दुसरी वेळ. पहिली वेळ १९८४ सालची. माझी आजी, वडिलांची आई, जिला आम्ही सगळी नातवंडं 'बाई' म्हणायचो, ती त्या उन्हाळ्यात उंबऱ्याला अडखळून पडली. मी तेव्हा दहा वर्षांची. आधी हाडवैद्य आले, त्यांनी लेप लावून बांबूच्या कामट्या बांधल्या. चार दिवसांनी डॉक्टर आले. त्यांनी पाय बघितला (तो आखूड झाला होता आणि पंजा बाहेर वळला होता, ते मला अजून दिसतं) आणि म्हणाले की पुण्याला न्या, ऑपरेशन करावं लागेल. घरात बैठक बसली. या वयात चिरफाड कशाला, भूल सोसली नाही तर काय, असं सगळ्यांचं मत पडलं. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. तेव्हा बहुतेक घरांत असंच व्हायचं. मग पायाला चिकटपट्टी लावून दोरी बांधली, ती खाटेच्या टोकावरून खाली सोडली आणि दोरीला विटा लटकवल्या. दोन विटा. हाड ताणून धरायला.

बाई त्या खाटेवर अडीच महिने होती. पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ भरला आणि नागपंचमीच्या आधी ती गेली. मला आठवतो तो तिचा आवाज. कूस बदलायला लावली, भांडं द्यायला उचललं, की ती ओरडायची. रात्री कण्हायची. येणारेजाणारे म्हणायचे, "सोसा बाई, आता दुसरं काय." औषध म्हणून वेदनाशामक गोळी होती, तीही पोटात जळजळतं म्हणून अर्धी.

आईच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी हिशेब करत होते. १९८४ साली जगात काय काय होतं? राजुरी ते पुणे अंतर फार तर शंभर किलोमीटर. पण ते औषध, ती सुई, तो सांधा या सगळ्यांना आमच्या खाटेपर्यंत पोचायला किती वर्षं लागली? घरी आल्यावर वाचत गेले, ते असं...

*

आपण 'भूल' म्हणतो तो शब्दच बघा. भूल पडते ती रानात, माणूस वाट विसरतो. भूल देणं म्हणजे माणसाला स्वतःचाच विसर पाडणं. जुन्या काळी त्यासाठी मद्य, अफू, भांग हेच होतं. शस्त्रकर्माच्या आधी रोग्याला मद्य पाजावं म्हणजे त्याला शस्त्राची जाणीव होणार नाही, असं सुश्रुतसंहितेतही सांगितलं आहे. खरी भूल आली ती १६ ऑक्टोबर १८४६ ला, अमेरिकेत बोस्टनच्या हॉस्पिटलात, विल्यम मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर हुंगवलं तेव्हा. आणि आश्चर्य म्हणजे सहा महिन्यांच्या आत, १८४७ च्या मार्चमध्ये, कलकत्त्यात ईथर वापरलं गेलं. शिडाच्या जहाजांच्या काळात! म्हणजे शहरापर्यंत गोष्ट पोचायला तेव्हाही वेळ लागत नव्हता. त्याच वर्षाच्या शेवटी एडिंबरोत सिम्पसनने क्लोरोफॉर्म आणलं आणि हिंदुस्थानात पुढची कित्येक वर्षं तेच चाललं.

क्लोरोफॉर्मने माणसं मधूनच मरायची. हृदयामुळे की श्वासामुळे, यावर वाद पेटला तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या पैशाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. जनावरांवर शेकडो प्रयोग झाले. श्वास सांभाळा म्हणजे झालं, हृदयाला धोका नाही, असा निष्कर्ष निघाला आणि तो पुढे चुकीचा ठरला. पण त्या हैदराबादच्या कामात रूपाबाई फर्दुनजी नावाची एक पारशी डॉक्टर होती. भूल देण्याचं काम करणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. आईला भूल देणाऱ्याही मॅडमच होत्या. मी त्यांना हे सांगितलं तर त्यांना ते आधीच माहीत होतं. :)

पुण्यातली भुलेची सगळ्यात गाजलेली गोष्ट ससूनमधली. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन कर्नल मॅडॉक यांनी केलं. बाहेर वादळ होतं, मध्येच वीज गेली आणि उरलेलं ऑपरेशन कंदिलाच्या उजेडात पुरं करावं लागलं. गांधीजी तेव्हा चौपन्न वर्षांचे. पण सत्तरी उलटलेली, महिनोन्महिने खाटेवर पडायची शक्यता असलेली, छाती कमजोर असलेली म्हातारी माणसं? त्यांना पूर्ण भूल द्यायला डॉक्टर कचरत आणि घरचे तर त्याहून. आमच्या बैठकीत १९८४ साली जी भीती बोलली गेली ती काही हवेतून आलेली नव्हती.

*

याच्या समांतर एक दुसरी वाट चालली होती. संपूर्ण माणसाला न भुलवता फक्त दुखणारा भाग बधिर करण्याची. तिची सुरुवात कोकेनपासून होते.

१८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर नावाच्या तरुण डॉक्टरने डोळ्यात कोकेनचा थेंब टाकला आणि डोळा बधिर होतो हे दाखवलं. बातमी फुटताच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेडने विचार केला की थेंब वर टाकण्याऐवजी थेट नसेपाशीच सुईने दिला तर? त्याने ते करून दाखवलं. जबड्याची नस, दंडाची नस. 'नर्व्ह ब्लॉक' म्हणतात तो तिथून सुरू झाला. हे प्रयोग ते स्वतःवर आणि एकमेकांवर करत होते, आणि त्यातून हॉल्स्टेडला कोकेनचं व्यसन जडलं. ते सोडवायला मॉर्फिन दिलं तर त्याचंही जडलं. तरी तो पुढे अमेरिकेतला सर्वांत मोठा सर्जन झाला, ही गोष्ट वेगळी.

मग १८९८. जर्मनीत कील इथे ऑगस्ट बिअर याने १६ ऑगस्टला एका मजुराच्या पाठीच्या कण्यात कोकेन दिलं आणि त्याच्या घोट्याचं ऑपरेशन केलं. आज आपण 'कमरेतलं इंजेक्शन' म्हणतो ते हेच, स्पायनल. काही रोग्यांचं नंतर डोकं फार दुखलं, म्हणून बिअरने ठरवलं की आपण स्वतःच घेऊन बघू. २४ ऑगस्टला त्याच्या मदतनिसाने, हिल्डेब्रांटने, त्याच्या पाठीत सुई घातली. पण पिचकारी सुईला नीट बसेना, पाणी गळून गेलं, प्रयोग फसला. मग हिल्डेब्रांट म्हणाला, माझ्यावर करा. ते जमलं! पाय बधिर झाल्यावर बिअरने त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडा मारला, पेटती सिगार टेकवली, केस उपटले, आणि आणखीही काही केलं ते इथे लिहीत नाही, सगळे काका-मामा वाचतात. काहीही दुखलं नाही. रात्री दोघांनी वाइन पिऊन आनंद साजरा केला. दुसऱ्या दिवसापासून बिअर डोकं धरून नऊ दिवस पडून राहिला आणि हिल्डेब्रांटच्या नडग्या काळ्यानिळ्या.

या गोष्टीवर मी पुष्कळ हसले. पण राजुरीत 'कमरेत सुई घेतली की जन्माची कंबर धरते' हे प्रत्येक बाई सांगते, तेव्हा त्यामागेही असेच कुणाचे तरी खरे अनुभव असतील. आताच्या सुया केसासारख्या बारीक असतात, डोकं दुखण्याचं प्रमाण फार कमी झालंय, आणि कायमची कंबरदुखी त्या सुईमुळे होते याला अभ्यासांत आधार मिळालेला नाही. बाळंतपणानंतर कंबर दुखायला इतर कारणं काय कमी असतात? असो.

कोकेन घातक, म्हणून १९०४-०५ मध्ये नोव्होकेन आलं. आणि १९४३ साली स्वीडनमध्ये लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी लिग्नोकेन तयार केलं. १९४८ पासून ते बाजारात आहे, झायलोकेन या नावाने. दात काढताना डॉक्टर जे इंजेक्शन देतात ते. या औषधांचं काम साधं आहे. नसेतून निरोप जातो तो सोडियमचे कण आत शिरण्यामुळे. हे औषध ती दारं काही तास बंद करतं, निरोप पुढे जात नाही. नस मरत नाही, तोडली जात नाही, फक्त गप्प बसते. पुढे १९५७ मध्ये बुपिव्हाकेन आलं, जे जास्त तास टिकतं.

म्हणजे १९८४ साली औषध होतं. छत्तीस वर्षं जुनं, स्वस्त, आणि गावोगावच्या दातांच्या डॉक्टरकडे असणारं.

*

आता खुबा. बर्लिनमध्ये ग्लुक याने १८९१ मध्ये हस्तिदंताचा खुबा बसवला होता, त्यानंतर काच, स्टील, नाना धातू. पण खऱ्या अर्थाने टिकणारा सांधा दिला तो जॉन चार्नली या इंग्रज सर्जनने. रायटिंग्टन नावाच्या आडगावच्या, मूळच्या क्षयरोग्यांच्या हॉस्पिटलात. आधी त्याने वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं, आपल्या डोशाच्या तव्यावर असतं ते. सुरुवातीला माणसं आनंदाने चालली आणि दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजून सगळं सडलं. शेकडो ऑपरेशनं पुन्हा उघडावी लागली. ते झिजलेले कण शरीरात काय करतात हे बघायला चार्नलीने टेफ्लॉनचा भुगा स्वतःच्या मांडीत घालून घेतला! (बिअरचाच भाऊ म्हणायचा.) मग १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने पॉलिथिलीनची वाटी आणि स्टीलचा छोटा गोळा वापरला, आणि आजचे सांधे त्याच कल्पनेवर उभे आहेत. आपल्याकडे मुंबईत डॉ. ढोलकिया, पुण्यात डॉ. संचेती अशा सर्जनांनी हे काम रुजवलं.

म्हणजे १९८४ साली सांधाही होता. बावीस वर्षं जुना.

राहिली ती शेवटची कडी. सांधा बसवायचा, पण मोडल्यापासून बसवेपर्यंत आणि बसवल्यावर चालेपर्यंत जे दुखतं त्याचं काय? आणि इथेच ते नर्व्ह ब्लॉक येतात.

खुब्याची पंचाईत अशी की त्याला एक नस नाही. पुढून मांडीची मोठी नस, फीमोरल, आतल्या अंगाने ऑब्ट्युरेटर, मागून सायटिकच्या बाजूच्या फांद्या, आणि कातडीला वेगळीच. त्यातल्या त्यात पुढच्या पडद्यात दुखणाऱ्या तंतूंची दाटी जास्त. मग कुठली नस बंद करायची? यावर पन्नास वर्षं डॉक्टर लोक भांडताहेत. मॅडमनी मला समजावलं, आणि मी ते दादाला आमच्या भाषेत समजावलं ते असं.

भारनियमनाचे दिवस आठवतात ना? पूर्ण भूल म्हणजे वीजकेंद्रच बंद. स्पायनल म्हणजे सबस्टेशन बंद, कमरेखालच्या सगळ्या गावांत अंधार. फीमोरल ब्लॉक म्हणजे एक फीडर बंद. दुखण्याचे दिवे विझतात खरे, पण त्याच लाइनीवर शेतातल्या मोटारी असतात, त्याही बंद पडतात. म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू ढिला पडतो. माणसाला वाटतं दुखत नाही, उठू या. उठतो आणि गुडघा दुमडून पडतो. खुबा बसवलेल्या म्हाताऱ्या माणसाने पुन्हा पडणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

१९७३ साली शिकागोच्या अलोन विनी यांनी म्हटलं की मांडीच्या नसेपाशी जरा जास्त औषध दिलं तर ते वर चढून तिन्ही नसा पकडेल. 'थ्री-इन-वन' असं त्याचं नाव पडलं. नंतर कळलं की तिसरी, ऑब्ट्युरेटर, बऱ्याचदा सुटते. १९८९ मध्ये फ्रान्सच्या दालांस यांनी लहान मुलांवर दुसरी वाट दाखवली, 'फॅशिया इलियाका'. इथे नसेच्या जवळ जायचंच नाही. जांघेतल्या स्नायूवर एक पातळ पडदा असतो, त्याच्या खाली तीस-चाळीस मिली पातळ औषध सोडायचं आणि ते पसरत जाऊन नसांपर्यंत पोचू द्यायचं. कुकडीच्या कालव्याचं पाणी पाटातून वाफ्यात सोडतात तसंच की! आणि दुखणंही तेच. शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचेलच याची खात्री नाही. टेलच्या शेतकऱ्यांना विचारा. म्हणून अलीकडे सुई जांघेच्या वरच्या बाजूने घालतात, म्हणजे पाणी मुखाशीच जास्त मिळतं.

या सगळ्याला खरा आकार आला सोनोग्राफीमुळे. आधी सुई अंदाजाने घालायचे, पडदा फाटल्याचा 'टक्' असा आवाज हाताला जाणवला की थांबायचं. १९९४ मध्ये व्हिएन्नात काप्राल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत खांद्यावरचा ब्लॉक दिल्याचं प्रसिद्ध केलं. आता मशीनवर नस, रक्तवाहिनी, सुईचं टोक आणि पसरणारं औषध दिसतं. चुकून रक्तवाहिनीत औषध गेलं तर हृदयावर बेतू शकतं, म्हणून हे दिसणं किती मोलाचं!

आणि शेवटचं नाव तर फारच मजेचं. २०१८ मध्ये कॅनडात टोरांटोला खिरोन-अरांगो आणि फिलिप पेंग यांनी एक नवा ब्लॉक सांगितला, पहिल्या पाच रोग्यांचा अनुभव घेऊन. खुब्याच्या पुढच्या पडद्याकडे जाणाऱ्या बारीक फांद्याच तेवढ्या गाठायच्या, वीसेक मिली औषध. नाव 'पेंग'. इंग्रजीत त्या अक्षरांचा अर्थ वेगळा, पण डॉक्टरांचं आडनावही तेच. मराठीत पेंग म्हणजे डुलकी, आणि या ब्लॉकने पेंग अजिबात येत नाही! भारनियमनाच्या भाषेत हा डीपीवर चढून एका घराचा फ्यूज काढण्याचा प्रकार. दिवे जातात, मोटार बहुतेक वेळा चालू राहते. मात्र कातडीवरच्या टाक्यांचं दुखणं यात येत नाही, आणि औषध जास्त झालं तर मोटारही बंद पडते.

मग सगळ्यांत चांगला कुठला? मी हेच विचारलं. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "कुणासाठी?"

घरी येऊन वाचलं ते थोडक्यात असं. खुबा बदलण्याच्या ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर युरोपातल्या तज्ज्ञांच्या 'प्रॉस्पेक्ट' गटाने २०२१ साली सगळे प्रयोग तपासून सल्ला दिला. आधी साधी औषधं: पॅरासिटामॉल, सूज उतरवणाऱ्या गोळ्या, डेक्सामेथासोनचा एक डोस. त्यावर, ज्यांना ही औषधं चालत नाहीत किंवा फार दुखण्याची शक्यता आहे त्यांना, एकदा दिलेला फॅशिया इलियाका किंवा सर्जननेच जखमेत भरलेलं बधिर करणारं औषध. फीमोरल आणि कमरेतून खोल दिला जाणारा ब्लॉक यांचा त्रास फायद्यापेक्षा जास्त, म्हणून ते नकोत. मोडलेल्या खुब्याच्या बाबतीत तर ब्लॉकची बाजू अधिकच भक्कम आहे. हलवताना होणारं दुखणं अर्ध्या तासात कमी होतं आणि म्हाताऱ्या माणसांना जो भ्रम होतो, वायात बडबडतात, तोही कमी होतो असं दिसलंय. आणि ज्या प्रश्नावर आमची घरातली बैठक अडली होती, तो प्रश्नही सुटल्यासारखा आहे. २०२१ मध्येच अमेरिका आणि कॅनडात खुबा मोडलेल्या १६०० रोग्यांवर तुलना झाली, स्पायनल की पूर्ण भूल. साठ दिवसांनी किती जगले आणि किती चालू लागले, यात फरक पडला नाही.

आपल्याकडे ब्लॉकचं महत्त्व आणखी एका कारणाने. भारत जगाला औषधासाठी अफू पिकवून देतो, मध्य प्रदेशात, राजस्थानात सरकारी परवान्याने. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर इथल्याच रोग्यांना मॉर्फिन मिळणं इतकं किचकट झालं की बहुतेक हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा सुधारला, पण मधली तीस वर्षं गेली ती गेलीच. अशा ठिकाणी एक सुई आणि दोन बाटल्या झायलोकेनच्या जातीतलं औषध ही चैन नाही.

*

तर आई. तिला आणलं तेव्हा तिला हात लावू देत नव्हती. स्ट्रेचरवरून खाटेवर घेताना तिने जी किंकाळी फोडली ती ऐकून मी दहा वर्षांची झाले. तोच आवाज. बाईचा.

मॅडम आल्या. आधी विचारलं, "आजी, किती दुखतंय? शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सगळ्यात जास्त."

आई म्हणाली, "दहा म्हंजे बाळंतपण धरायचं का?"

"धरा."

"मग बारा."

फॅशिया इलियाका दिला, सोनोग्राफीवर बघत, तिथेच खाटेवर. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी घड्याळाकडे बघत बसले होते. वीस-पंचवीस मिनिटांनी आईच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. अर्ध्या तासाने तिने चहा मागितला. (मिळाला नाही.) मॅडमनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "हलवलं तर चार." दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला स्पायनलसाठी तिला कुशीवर वळवायचं होतं, तेव्हा ब्लॉक पुन्हा दिला म्हणून ते जमलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर धरून उभी राहिली.

सगळं गोड झालं असं नाही. ऑपरेशनच्या रात्री अडीचच्या सुमाराला ब्लॉक उतरला आणि दुखणं एकदम उसळून आलं. ब्लॉक उतरण्याआधीच गोळ्या सुरू ठेवाव्या लागतात, त्या रात्री ते राहून गेलं होतं. तासभर आई तळमळली. मी बेल वाजवत राहिले.

त्या तासात आई बोलली. मी तिचा हात धरला होता आणि तिला वाटलं असेल की बोलण्यात दुखणं विसरेल. म्हणाली, "आत्याबाईंना असंच व्हत असंल का गं? अडीच महिने?"

मी काही बोलले नाही.

"त्यांचं सगळं मीच करायचे. एका रात्री लई कण्हत व्हत्या. दिवसभर कांदा काढून आले व्हते मी. मी म्हनले, गप पडा की जरा, बाकीच्यांनी झोपायचं का नाय. त्या गप झाल्या. मग पुन्हा कवा रात्रीच्या कण्हल्याच नाहीत."

एवढं बोलून आई भिंतीकडे बघत राहिली. नर्स आल्या, इंजेक्शन दिलं, आई झोपली. मला काही झोप लागली नाही.

मला वाटायचं की बाईचं दुखणं शेवटी शेवटी कमी झालं होतं. सगळ्या घराला तसंच वाटलं होतं. 'बाई आता शांत झाली' असं तेव्हा म्हणाल्याचं मला आठवतं. आई एकटीच होती जिला खरं माहीत होतं, आणि तिने ते एक्केचाळीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. हे इथे लिहू का, असं मी तिला विचारलं. म्हणाली, "लिही. तेवढंच व्हईल."

आईची चूक मी काढत नाही. चौतीस वर्षांची बाई, दिवसभर रानात, रात्री सासूचं दुखणं, आणि हातात अर्धी गोळी. आणि त्याच वेळी जगात सांधा होता, औषध होतं, ब्लॉक होता. बोस्टनहून कलकत्त्याला सहा महिन्यांत आलेली गोष्ट पुण्याहून राजुरीला यायला चाळीस वर्षं लागली. आणि आजही ती सगळ्या गावांत पोचली आहे असं मी म्हणणार नाही.

म्हणून आपल्या घरच्यांसाठी एवढंच. कुणी म्हातारं माणूस पडलं, पाय आखूड दिसला, टाच उचलता येईना, तर लेप लावत बसू नका, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला न्या. ऑपरेशन जितकं लवकर तितकं बरं. तिथे भूलतज्ज्ञांना भेटायचं आहे असं सांगा, आपण फक्त सर्जनशी बोलतो आणि भुलेच्या फॉर्मवर सही करून मोकळे होतो. विचारा की ऑपरेशनपर्यंत दुखू नये म्हणून ब्लॉक देता येईल का, आणि तो उतरल्यावर काय देणार. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. आणि माणूस कण्हत असेल तर त्याला गप्प करू नका, आकडा विचारा.

परवा राजुरीला गेले होते. गोठ्याच्या कोपऱ्यात जुन्या विटांचा ढीग आहे, त्यावर आता पेंडीची पोती ठेवतात. त्यातल्या दोन कुठल्या, ते आईला विचारलं. तिने काठीने दाखवल्या.